क्रूर हुकूमशहाला हटवण्यासाठी युद्ध करावं का? वादविवादाआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की आमच्या वाचनालयाचा वादविवाद देवळाच्या सभामंडपात होतो. या वर्षीचा ठराव आहे: “क्रूर हुकूमशहाला हटवण्यासाठी बाहेरच्या देशाने युद्ध करणं समर्थनीय आहे.” विषय फळ्यावर लागल्यापासून प्रश्न येत आहेत. थोडे बोलणाऱ्यांचे, बरेचसे ऐकायला येणाऱ्यांचे. ज्यांना संदर्भ शोधायला वेळ नाही त्यांच्यासाठी ही उत्तरं. संयोजकाने बाजू घेऊ नये असा संकेत आहे, पण या विषयावर मला मतच नाही असं भासवणं मला पटत नाही. जिथे माझं मत आहे तिथे ते उघडपणे लिहिलं आहे. पटलं नाही तर सभेत खोडून काढा.

गावच्या वादविवादाला इतक्या लांबचा विषय कशाला? एसटी, पाणी, रस्ते यांवर बोलून झालं का?

झालं नाही, त्यांवरही बोलू. पण हा विषय वाटतो तेवढा लांबचा नाही. खेड, दापोली, मंडणगड, चिपळूण, पलीकडे म्हसळा-श्रीवर्धन, या पट्ट्यात अशा वाड्या आहेत जिथे आखातात माणूस नसलेलं घर शोधावं लागतं. २ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेनचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं तेव्हा त्या घरांनी काय सोसलं ते वडीलधाऱ्यांना विचारा. फोन बंद, पैसे येणं बंद, आणि घरचा माणूस वाळवंटातून जॉर्डनच्या वाटेवर. अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी एक लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणलं. जीव वाचले, पण नोकरी आणि साठवलेला पैसा तिकडेच राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून भरपाई मिळायला पुढे कित्येक वर्षं गेली. २०११ साली लिबियातून आणि २०१५ साली येमेनमधून भारतीयांना काढायला पुन्हा नौदलाची जहाजं पाठवावी लागली.

जहाजावर काम करणारी आपली मुलं ज्या सामुद्रधुन्यांतून जातात, आपला हापूस ज्या बाजारात जातो, ते सगळं याच भागात आहे. हुकूमशहाने युद्ध पुकारलं तरी आपल्या घरची चूल अडते आणि हुकूमशहाविरुद्ध पुकारलं तरी अडते. मग त्यावर बोलायचा हक्क आपल्याला आहेच.

आपल्या जिल्ह्यातलं एखादं उदाहरण मिळेल का?

मिळेल, आणि ते तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिलेलं आहे. रत्नागिरीचा थिबा राजवाडा.

सहलीत आपल्याला एवढंच सांगतात की इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजाला इथे नजरकैदेत ठेवलं. का ठेवलं, हे या वादविवादाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. १८७८ मध्ये मिंडान राजा वारला आणि एकोणीस वर्षांचा थिबा गादीवर बसला. पुढच्याच वर्षी मंडालेच्या राजवाड्यात त्याच्या भाऊबंदांची कत्तल झाली. ऐंशीच्या आसपास राजपुत्र, राजकन्या आणि नातेवाईक मारले गेले. त्यामागे राणीच्या आईचा आणि काही मंत्र्यांचा हात मोठा होता असं इतिहासकार मानतात, पण राजा म्हणून जबाबदारी थिबाचीच. कत्तल खरी होती, कोणी रचलेली नव्हती. इंग्रजी वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली: असा राक्षस गादीवर बसू देणं हा माणुसकीला कलंक आहे, वगैरे.

पण सैन्य कधी निघालं? कत्तलीनंतर सहा वर्षांनी, नोव्हेंबर १८८५ मध्ये. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. थिबाने फ्रान्सशी जवळीक केली, आणि त्याच्या दरबाराने ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ या सागवानाच्या इंग्रज कंपनीला लाखो रुपयांचा दंड ठोठावला. मग निर्वाणीचा खलिता गेला, सैन्य निघालं आणि तीन आठवड्यांच्या आत मंडाले पडलं. १ जानेवारी १८८६ रोजी ब्रह्मदेश खालसा झाला.

राजाला उचलून नेणं सोपं गेलं. पुढचं सोपं गेलं नाही. इंग्रजांनी राजगादी मोडली, दरबाराचं मंत्रिमंडळ बरखास्त केलं, गावोगावच्या पिढीजात अधिकाऱ्यांची व्यवस्था उलटीपालटी केली. त्यानंतर कित्येक वर्षं तिथे बंड पेटत राहिलं, गावं जाळली गेली, आणि तीन आठवड्यांत जिंकलेला देश ‘शांत’ करायला जिंकताना लागलं त्याहून कितीतरी जास्त सैन्य ठेवावं लागलं. थिबा मात्र भाट्याच्या खाडीकडे बघत डिसेंबर १९१६ पर्यंत रत्नागिरीत राहिला आणि इथेच वारला.

आणखी एक गोष्ट. १९०८ ते १९१४ या काळात मंडालेचा राजा रत्नागिरीत कैद होता आणि रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. टिळकांचा गुन्हा काय, तर ‘केसरी’त लेख लिहिले. जुलमी राजाच्या तावडीतून सोडवलेल्या शहराचा सोडवणाऱ्यांनी काय उपयोग केला, ते यात दिसतं.

ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्यांना मी आधीच सांगून ठेवतो: समोरून थिबा येणार. ‘तो क्रूर होता’ एवढ्याने तुमचं काम भागणार नाही, कारण क्रूर थिबाही होता.

पण हिटलरचं काय? त्याच्याविरुद्ध युद्ध नको होतं का?

हवंच होतं. पण हे उदाहरण ठरावात बसत नाही, आणि दर वर्षी बोलणारे त्यातच अडकतात. हिटलर १९३३ साली सत्तेवर आला, त्याच वर्षी डाखाउची छळछावणी उघडली. १९३५ मध्ये न्यूरेंबर्गचे कायदे झाले. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली. या काळात त्याला हटवायला कोणीही रणगाडा हलवला नाही. उलट १९३८ मध्ये म्यूनिकला चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा त्याला देऊन टाकला. युद्ध पुकारलं गेलं ते त्याने सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर हल्ला केल्यावर. ते आक्रमण थोपवण्यासाठीचं युद्ध होतं. स्वतःच्या लोकांना छळणाऱ्या राज्यकर्त्याला काढण्यासाठी बाहेरून जाऊन केलेलं युद्ध, हा आपला विषय.

सद्दाम गेला हे चांगलं झालं की नाही? सरळ सांगा.

सद्दाम गेला हे चांगलं झालं. तो ज्या रीतीने घालवला गेला ते चांगलं झालं नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत आणि सभेत दोन्ही धीटपणे म्हणता आली पाहिजेत.

१६ मार्च १९८८ रोजी हलब्जा या कुर्द गावावर सद्दामच्या विमानांनी विषारी वायू सोडला. सुमारे पाच हजार माणसं मेली, त्यात बायका आणि मुलं किती तरी. त्या वर्षीच्या मोहिमेत कुर्दांची हजारो गावं उद्ध्वस्त झाली. ‘इराकच्या अंतर्गत भानगडीत आपण पडू नये’ असं सहज म्हणणाऱ्यांनी हलब्जाचे फोटो एकदा पाहावेत आणि मग बोलावं. पण तारीखही पाहावी. युद्ध झालं २० मार्च २००३ रोजी, म्हणजे पंधरा वर्षांनी. वायू सोडला तेव्हा तो इराणशी लढत होता, म्हणून मोठी राष्ट्रं त्याच्या पाठीशी होती. आणि २००३ मध्ये कारण सांगितलं ते महासंहारक अस्त्रांचं. ती सापडली नाहीत.

बगदाद ९ एप्रिलला पडलं. त्यानंतरच्या दिवसांत शहरात लूट चालू होती. तेलमंत्रालयाला पहारा होता, पाच हजार वर्षांचा ठेवा असलेल्या राष्ट्रीय संग्रहालयाला नव्हता. मे महिन्यात अमेरिकेचे प्रशासक पॉल ब्रेमर यांनी दोन आदेश काढले. पहिल्याने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या पायऱ्यांवरच्या सगळ्यांना सरकारी नोकरीतून काढलं. त्यात शिक्षक, डॉक्टर, इंजिनिअर आले, कारण त्या राजवटीत पक्षात नाव असल्याशिवाय बढती मिळत नसे. दुसऱ्याने सैन्यच बरखास्त केलं. जवळजवळ चार लाख माणसं, हातात बंदूक चालवायचं शिक्षण, घरी पगार नाही, आणि अपमान झालेला. पुढे काय होणार हे सांगायला युद्धशास्त्राचा अभ्यास लागत नाही. यादवी पेटली, एक लाखाहून जास्त नागरिक मेले, आणि जून २०१४ मध्ये मोसुल शहर आयसिस या दहशतवादी संघटनेच्या हाती गेलं. त्याच सुमारास तिथे पळवून नेलेल्या ३९ भारतीय मजुरांच्या मृत्यूची बातमी त्यांच्या घरच्यांना २०१८ साली मिळाली. सगळे पोटापाण्यासाठी गेलेले.

याच्या शेजारी १९४५ चं जपान ठेवा. तिथेही अमेरिकेचाच ताबा होता, १९५२ पर्यंत. पण सम्राट हिरोहितोला गादीवर राहू दिलं, सरकारी खाती चालू ठेवली, आणि कारकुनापासून पोलिसापर्यंत बहुतेक माणसं आपापल्या जागी राहिली. सम्राटाला सोडणं न्यायाचं होतं का, यावर आजही भांडण आहे. पण पाणी, धान्य आणि पगार चालू राहिले.

हे शहाणपण नवं नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात ‘लब्धप्रशमन’ असं एक प्रकरणच दिलं आहे: जिंकलेल्या मुलखाला शांत कसं करावं. जिंकणाऱ्याने तिथल्या लोकांची भाषा, वेष, आचार स्वीकारावा, त्यांच्या देवांच्या उत्सवांत मान ठेवावा, कैद्यांना सोडावं, दीन आणि आजारी माणसांना मदत करावी. आधीच्या राजाचे दोष आपल्या गुणांनी झाकावे. कौटिल्य काही साधू नव्हता, त्याला राज्य टिकवायचं होतं. टिकवायचं असेल तर असंच वागावं लागतं, हे त्याला कळलेलं होतं.

मग १९७१ चं काय? आपण केलं ते चुकलं?

नाही. माझ्या मते तो ठरावाच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, आणि त्याच्याकडे नीट पाहिलं तर अशा युद्धाच्या अटीही त्यातूनच निघतात.

२५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने कत्तल सुरू केली. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत लोकांनी स्पष्ट बहुमत दिलं होतं आणि याह्याखानच्या लष्करी राजवटीला ते मान्य नव्हतं. काही महिन्यांत सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. म्हणजे कत्तल चालू होती, तिचा भार थेट आपल्यावर पडला होता, आणि तिथल्या लोकांनी आपला कौल आधीच मतपेटीतून दिला होता. इंदिरा गांधी देशोदेशी फिरल्या, सांगून पाहिलं. ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धाला तोंड फुटलं. १६ डिसेंबरला ढाका पडलं, ९३ हजार युद्धकैदी झाले. या किनाऱ्याला ते युद्ध ब्लॅकआउटच्या रात्रींमुळे आणि ‘आयएनएस खुकरी’मुळे आठवतं. ती ९ डिसेंबरला दीवजवळ बुडाली.

आता थांबणं कसं झालं ते पाहा. १७ डिसेंबरला पश्चिम आघाडीवर भारताने आपणहून युद्ध थांबवलं. इस्लामाबादवर चालून जाऊन याह्याखानला पकडण्याचा उद्योग केला नाही. त्याला त्याच्याच लोकांनी चार दिवसांत घालवलं. आणि मार्च १९७२ मध्ये आपलं सैन्य बांगलादेशातून परत आलं. तरीही जगाने शाबासकी दिली असं नाही. ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०४ देशांनी युद्धबंदीच्या बाजूने मत दिलं, विरोधात फक्त ११.

याला जोडून आणखी दोन उदाहरणं तयार ठेवा. डिसेंबर १९७८ मध्ये व्हिएतनामचं सैन्य कंबोडियात शिरलं आणि ७ जानेवारी १९७९ रोजी पोल पॉटची राजवट कोसळली. त्या राजवटीच्या पावणेचार वर्षांत पंधरा ते वीस लाख माणसं मेली होती, उपासमारीने, कष्टाने आणि कुदळीच्या घावांनी. आणि जगाने काय केलं? संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची पोल पॉटच्याच माणसांकडे ठेवली. भारताने १९८० मध्ये नव्या सरकारला मान्यता दिली, याचा मला अभिमान आहे. दुसरं उदाहरण युगांडाचं. ज्या इदी अमीनने १९७२ साली हजारो भारतीय वंशाच्या कुटुंबांना नव्वद दिवसांत देशाबाहेर काढलं, त्याने १९७८ मध्ये टांझानियाचा मुलूख बळकावला. ज्युलियस न्येरेरे यांच्या सैन्याने त्याला मागे रेटत एप्रिल १९७९ मध्ये कंपाला घेतलं. पुढे तिथे ओबोटेची राजवट आली आणि पुन्हा यादवी झाली, हेही सांगायला हवं.

तिन्ही ठिकाणी जाणारा देश शेजारी होता, आधी त्याच्यावर हल्ला झाला होता किंवा निर्वासितांचा लोंढा आला होता, आणि तिघांनीही कारण सांगितलं ते स्वसंरक्षणाचं. लोकांना मुक्त करायला निघालोत अशी घोषणा देऊन दूरवरून आलेल्या फौजांपेक्षा या तीन युद्धांनी जास्त जीव वाचवले असं माझं मत आहे. व्हिएतनाम मात्र दहा वर्षं तिथेच बसला, ते समर्थनीय मानणं मला जड जातं.

गोवा मुक्ती या विषयात धरायची का? आमच्या सावंतवाडी-बांद्याकडची मंडळी हा मुद्दा काढणारच.

काढू द्या, पण जपून. पोर्तुगालचा सालाझार हुकूमशहा होता यात वाद नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हातात फक्त तिरंगा घेऊन सरहद्द ओलांडणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, वीसहून जास्त माणसं गेली. बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते, दोघेही पुढे आपल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार, त्या सत्याग्रहात उतरले होते. अहिंसेची वाट आधी चालून पाहिली गेली, हे इथे खरोखर म्हणता येतं. मग १८-१९ डिसेंबर १९६१ ला सैन्य गेलं आणि दोन दिवसांत काम झालं. शेवटपर्यंत लढून मरा असा सालाझारचा हुकूम होता. गव्हर्नर वासालो इ सिल्वा यांनी तो मोडून शरणागती पत्करली आणि पणजी वाचवली. त्याबद्दल लिस्बनने त्यांना सैन्यातून काढून टाकलं. हुकूमशहाचा हुकूम न मानणारा अधिकारी किती जीव वाचवू शकतो, याचं हे आपल्या शेजारचं उदाहरण.

पण ते युद्ध परकी सत्ता घालवण्यासाठी होतं. सालाझार लिस्बनला सुखरूप होता. त्याने उभारलेली राजवट पडली २५ एप्रिल १९७४ रोजी, आणि ती पाडली पोर्तुगालच्याच तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी. आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये वर्षानुवर्षं लढून ते कंटाळले होते. लोक रस्त्यावर आले, बंदुकांच्या नळ्यांत फुलं खोचली. त्यानंतर वर्ष संपण्याआधीच पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं.

आणखी एक मुद्दा इथल्या लोकांना थोडा टोचेल. जानेवारी १९६७ मध्ये गोव्याच्या लोकांना विचारलं गेलं: महाराष्ट्रात यायचं का? आपल्यापैकी पुष्कळांना वाटत होतं ते हो म्हणतील. ते नाही म्हणाले, आणि तो कौल मानला गेला. मुक्त केलेल्या लोकांना आपल्या इच्छेविरुद्ध उत्तर देण्याची मोकळीक होती.

कायदा काय सांगतो?

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(४) दुसऱ्या देशावर बळ वापरायला मनाई करतं. सूट दोनच: कलम ५१ प्रमाणे स्वसंरक्षण, आणि सुरक्षा परिषदेची परवानगी. ‘तिथला राज्यकर्ता क्रूर आहे’ हे तिसरं कारण सनदेत नाही. २००५ मध्ये सगळ्या देशांनी एक तत्त्व मान्य केलं: वंशसंहारासारख्या गुन्ह्यांपासून लोकांचं रक्षण करणं ही त्या त्या सरकारची जबाबदारी, आणि ते करत नसेल तर जगाची. पण बळ वापरायचं असेल तर वाट सुरक्षा परिषदेतूनच जाते, आणि तिथे पाच देशांना नकाराधिकार आहे. २००३ चं इराक युद्ध सनदेला धरून नव्हतं असं खुद्द महासचिव कोफी अन्नान यांनी २००४ मध्ये म्हटलं. हे कलमांचे क्रमांक पाठ करून या, परीक्षक विचारतात.

“थंय माणसां मरतत आणि आमी हंय बसान वाद घालूचो?”

मागच्या बैठकीत एका आजोबांनी हे विचारलं आणि कोणालाच पटकन उत्तर देता आलं नाही. माझ्या दृष्टीने ठरावाच्या बाजूचा खरा मुद्दा हाच.

१९९४ च्या एप्रिलपासून सुमारे शंभर दिवसांत रवांडामध्ये आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बरीचशी कोयत्यांनी, शेजाऱ्यांकडून. तिथे संयुक्त राष्ट्रांचे अडीच हजार सैनिक होते. कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने ती संख्या २७० वर आणायचं ठरवलं. वाढवायच्या वेळी कमी केली. शेवटी ती कत्तल थांबली बंडखोर सैन्याने देश जिंकला तेव्हा, शस्त्रांनी. ‘युद्ध कधीच नको’ म्हणणाऱ्याने रवांडाला उत्तर दिलं पाहिजे. मला ते देता येत नाही, म्हणून मी ‘कधीच नको’ म्हणत नाही.

पण यातला फरक धरून ठेवा. आत्ता, या आठवड्यात चालू असलेली कत्तल थांबवायला जाणं वेगळं. पंधरा वर्षांपूर्वीच्या कत्तलीचा दाखला देऊन आज निघणं वेगळं. पहिल्याला मी हो म्हणेन, दुसऱ्याला नाही. गेलेल्या माणसांसाठी न्यायालय हवं.

लिबियात तर परवानगी होती. मग तिथे का बिघडलं?

१७ मार्च २०११ रोजी सुरक्षा परिषदेने १९७३ क्रमांकाचा ठराव मंजूर केला. बेंगाझी शहरातल्या लोकांना हुकूमशहा गद्दाफीच्या सैन्यापासून वाचवण्यासाठी. भारत, चीन, रशिया, ब्राझील आणि जर्मनी तटस्थ राहिले. परवानगी नागरिकांच्या रक्षणाची होती. हळूहळू ती राजवट उलथवण्याची मोहीम झाली, आणि २० ऑक्टोबरला गद्दाफी मारला गेला. त्यानंतर कारभार कोण बघणार याची तयारी कोणाकडेच नव्हती. २०१४ पासून बहुतेक काळ देशात दोन सरकारं. सप्टेंबर २०२३ मध्ये वादळी पावसात डेर्ना शहरावरची दोन धरणं फुटली आणि हजारो माणसं एका रात्रीत समुद्रात गेली. त्या धरणांकडे गद्दाफीच्या काळातही दुर्लक्ष होतं, आणि नंतरच्या भांडणात तर तिकडे कोणी फिरकलंच नाही. धरण फुटणं म्हणजे काय, हे २०१९ च्या तिवऱ्यानंतर चिपळूणकरांना वेगळं सांगायला नको. युद्ध जिंकून दिल्यावर धरणाची डागडुजी कोण करणार हा प्रश्न ज्याला किरकोळ वाटतो, त्याने युद्धाचा सल्ला देऊ नये.

सैन्य कशाला? एकट्या हुकूमशहालाच उचलला तर?

दशावतारात जरासंधवधाचा आख्यानभाग रात्रभर रंगतो, तो आठवा. शंभर राजांचा बळी द्यायचा म्हणून जरासंधाने ८६ राजे कोंडून ठेवलेले. कृष्णाने सेना नेली नाही. भीम, अर्जुन आणि तो असे तिघे गेले, द्वंद्व झालं, जरासंध पडला. राजे सुटले, आणि गादीवर बसला जरासंधाचाच मुलगा सहदेव. मगधाची प्रजा लुटली गेली नाही. कंसानंतर उग्रसेन आणि रावणानंतर बिभीषण, हेही तसंच: राज्य तिथल्याच माणसाकडे.

आजच्या जगात मात्र हुकूमशहा द्वंद्वाला बाहेर येत नाही. डिसेंबर १९८९ मध्ये पनामाच्या नोरिएगा या एका माणसाला पकडायला अमेरिकेने वीस हजारांहून जास्त सैनिक उतरवले, शेकडो लोक मेले, आमसभेने निषेध केला. तरीही पनामा पुढे सावरला. त्याच वर्षी मे महिन्यात निवडणूक झाली होती, जिंकलेला उमेदवार तिथेच होता, आणि तो सत्तेवर बसला. ज्या देशात असा माणूस आधीपासून नाही, तिथे एक हुकूमशहा उचलला की दुसरा पुढे येतो.

निर्बंध घालून काम होत नाही का?

कधी होतं, पण मार सामान्य माणसाला बसतो. इराकवर १९९० पासून तेरा वर्षं निर्बंध होते. औषधं मिळेनात, पाणी शुद्ध करायचं सामान मिळेना. सद्दामचे राजवाडे मात्र उभे राहत होते. तिथले संयुक्त राष्ट्रांचे मदतकार्य समन्वयक डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये याच कारणाने राजीनामा दिला. राज्यकर्त्यांची परदेशातली खाती गोठवणं, शस्त्रं न विकणं, एवढ्यापुरते निर्बंध मला पटतात.

युद्धाशिवाय हुकूमशहा जातात तरी का?

जातात. पोर्तुगाल वर आलंच. फिलिपिन्समध्ये १९८६ साली मार्कोस गेला, लोक मनिलाच्या रस्त्यावर रणगाड्यांसमोर बसले. चिलीत ऑक्टोबर १९८८ मध्ये पिनोशेने स्वतःच घेतलेल्या सार्वमतात लोकांनी ‘नाही’ म्हटलं. बांगलादेशात डिसेंबर १९९० मध्ये इर्शादला राजीनामा द्यावा लागला.

जातातच असं नाही. ब्रह्मदेशात १९८८ मध्ये विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या आणि लष्कर राहिलं. १ फेब्रुवारी २०२१ ला त्याच लष्कराने निवडून आलेलं सरकार पुन्हा मोडलं. आपल्याकडे मिझोराममध्ये तिथले हजारो लोक आश्रयाला आले आहेत. त्यांना आसरा देणं हेसुद्धा हुकूमशहाविरुद्ध उभं राहणंच आहे, आणि त्यासाठी एक गोळीही लागत नाही. विरोधी बाजूच्यांनी ‘युद्ध नको’ म्हणून थांबू नये. निर्वासितांना दार उघडणार का, शस्त्रविक्री थांबवणार का, गुन्हेगाराला न्यायालयापुढे आणायला मदत करणार का, हे सांगावं.

२००३ मध्ये भारताने काय भूमिका घेतली?

८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने एकमताने इराकवरच्या हल्ल्याची निंदा केली. अध्यक्षस्थानी होते मनोहर जोशी, रायगड जिल्ह्यातल्या नांदवीचे. नंतर अमेरिकेने इराकमध्ये भारतीय सैन्य पाठवण्याचा आग्रह धरला, तेव्हा जुलैत वाजपेयी सरकारने नकार दिला. आपल्या जवानांच्या कुटुंबांनी त्या नकाराबद्दल आभार मानावेत असं मला वाटतं.

माझ्या मताविरुद्धची बाजू चिठ्ठीत आली तर?

त्याच बाजूने बोलायचं. बदलून मिळणार नाही.

बोलताना काही मर्यादा आहेत का?

एक आहे, आणि ती मी कडक पाळणार. इराक, लिबिया म्हटलं की कोणी ना कोणी धर्मावर घसरतं. पोल पॉट, सालाझार, पिनोशे, इदी अमीन, याह्याखान, यांची नावं एका ओळीत लिहून पाहा, एका धर्माचे नाहीत. हलब्जात मेलेले बहुतेक मुसलमान होते, १९७१ मध्ये ढाक्यात मेलेल्यांत हिंदू आणि मुसलमान दोन्ही होते. सभामंडपात समोर ज्यांची मुलं कुवेत-कतारला आहेत अशी सगळ्या आळ्यांतली माणसं बसलेली असतात. हुकूमशहाच्या धर्मावरून मुद्दा मांडणाऱ्याला तिथेच खाली बसवलं जाईल, मग तो कितीही चांगला वक्ता असो.

मतदान होतं का?

दोनदा. वादविवादाआधी एकदा आणि नंतर एकदा, चिठ्ठ्यांवर, नाव न लिहिता. चषक मिळतो तो जास्त मतं मिळवणाऱ्या बाजूला नव्हे, ऐकणाऱ्यांची जास्त मतं बदलणाऱ्या बाजूला. चिठ्ठीवर ‘हो’, ‘नाही’ यांखेरीज तिसरा रकाना आहे: ‘या अटींवर हो’. तो भरणाऱ्याने अटी स्वतःच्या हाताने लिहायच्या. निकालाच्या दिवशी त्या सगळ्या वाचून दाखवल्या जातात.